गिट-एसव्हीएन: आठ महिने मिरर चालवल्यानंतरचा अनुभव

आमचा मुख्य कोड अजून सबव्हर्जनवर (एसव्हीएन, कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारी जुनी प्रणाली) आहे. रिव्ह्यू आणि बिल्ड मात्र सगळ्यांना गिटवर, म्हणजे त्याच कामाच्या नव्या प्रणालीवर, हवे होते. जुना सर्व्हर लगेच बंद करता येणार नव्हता, म्हणून आठ महिन्यांपूर्वी या दोघांना जोडणाऱ्या गिट-एसव्हीएन टूलने मिरर, म्हणजे सबव्हर्जनमधल्या कोडची गिटमधली ताजी राहणारी प्रत, उभा केला. दर पाच मिनिटांनी क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्राम) सबव्हर्जनमधले नवे बदल आणतो (फेच) आणि आलेलं गिट सर्व्हरवर पाठवतो (पुश).

पहिल्या क्लोनला, म्हणजे पूर्ण इतिहासाची प्रत काढायला, तीन दिवस लागले, कारण प्रत्येक रिव्हिजन (सबव्हर्जनमधला क्रमांक असलेला बदल) एकेक करून येते. मध्ये दोनदा नेटवर्क गेलं, पण फेच पुन्हा चालवल्यावर काम थांबलं होतं तिथूनच सुरू झालं. याबद्दल या टूलला पूर्ण गुण.

खरा फटका बसला तो ऑथर्स फाइलमुळे. सबव्हर्जनमध्ये फक्त युजरनेम असतं. त्याचं पूर्ण नाव आणि ईमेल काय, हे या फाइलमध्ये ओळीने लिहावं लागतं. टीममध्ये नवी मुलगी आली, तिने पहिला कमिट (नोंदवलेला बदल) केला आणि तिचं नाव फाइलमध्ये नसल्याने फेच त्याच रिव्हिजनवर अडकलं. एरर लॉगमध्ये पडत होती, पण लॉग कोणी बघत नव्हतं. दोन दिवस आम्ही शिळ्या कोडवर रिव्ह्यू करत होतो आणि एक बग दोघांनी वेगवेगळा दुरुस्त केला. फाइलमध्ये नसलेल्या नावांसाठी नाव-ईमेल स्क्रिप्टने बनवून देणारा 'ऑथर्स-प्रोग' हा पर्याय आहे, तरी मी तो लावला नाही. चुकीचा ईमेल एकदा कमिटमध्ये गेला की तो सुधारताना पुढच्या कमिटचे सगळे हॅश (गिटमधल्या कमिटची ओळख सांगणारे कोड) बदलतात. त्यापेक्षा फेच थांबलेलं बरं. फक्त थांबलं की लगेच मेल आला पाहिजे. तो आता येतो.

सुरुवातीचे तीन आठवडे गिटमधून उलट सबव्हर्जनमध्येही बदल पाठवून (डीकमिट करून) पाहिलं. डीकमिट झाल्यावर गिट-एसव्हीएन कमिटच्या मेसेजखाली रिव्हिजनची ओळ जोडतं, म्हणजे हॅश बदलतो. आधीच पुश केलेल्या ब्रँचमध्ये (कोडच्या शाखेत) तोच बदल दोन वेगळ्या हॅशनी दिसू लागला आणि कोणता खरा, यावर रोज वाद. गिटच्या माहितीपुस्तिकेतच लिहिलंय की गिट-एसव्हीएन वापरणाऱ्यांनी एकमेकांत पुल-मर्ज (बदल आणून मिसळणं) करू नये, थेट सबव्हर्जन सर्व्हरशीच देवाणघेवाण ठेवावी. आम्ही उलटी वाट बंद केली. तेव्हापासून मिरर शांतपणे चाललाय.

बारीकसारीक त्रास आहेतच. रिकामे फोल्डर गिट साठवत नाही, त्यामुळे 'लॉग्ज' फोल्डर गृहीत धरणारी आमची बिल्ड स्क्रिप्ट पहिल्याच दिवशी पडली. सबव्हर्जनचे टॅग (ठरावीक आवृत्तीला दिलेली नावं) इथे ब्रँच म्हणून येतात. एक्स्टर्नल्स (दुसरीकडून जोडलेले फोल्डर) तर येतच नाहीत, ती वेगळी आणावी लागतात.

पण फेच केलेल्या कमिटखालीही येणारी ती रिव्हिजनची ओळ मला मनापासून आवडते. जुन्या तिकिटात (बगच्या नोंदीत) फक्त 'रिव्हिजन 31207' एवढंच असलं, तरी 'फाइंड-रेव्ह' ही कमांड लगेच त्याचा गिट कमिट काढून देतं.

मिरर लावणार असाल तर क्लोनच्या आधी पूर्ण एसव्हीएन लॉग काढून त्यातली सगळी युजरनेम गोळा करा, नोकरी सोडून गेलेल्यांचीही. आमच्याकडे अशी अकरा निघाली आणि त्यांचे ईमेल शोधायलाच एक अख्खा दिवस गेला.