३० लिटर की ५० लिटर? केटलवरचा आकडा आणि हाती येणारी बिअर

घरी बिअर बनवण्यासाठी केटल, म्हणजे उकळण्याचं मोठं भांडं, घेताना आधी विचारा: हा आकडा कशाचा? काही उत्पादक काठोकाठ मावणारं पाणी सांगतात, काही तयार होणारी बिअर. हे दोन '३०' शेजारी ठेवून किमतीची तुलना करण्यात अर्थ नाही. इथे मी काठोकाठचं माप धरलंय.

हिशेब केगपासून, म्हणजे तयार बिअर भरायच्या पिंपापासून, उलटा करावा. नेहमीच्या केगमध्ये १९ लिटर मावतात. फर्मेंटरच्या (बिअर आंबवण्याच्या भांड्याच्या) तळाशी यीस्टच्या गाळात साधारण २ लिटर जातात, म्हणजे तिथे २१ लिटर वर्ट (मॉल्टचा न आंबवलेला गोड अर्क) पोचायला हवं. केटलमध्ये हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) आणि प्रथिनांचा गाळ उरतो, त्याचे दीड लिटर धरा. उकळतं वर्ट थंड होताना सुमारे ४ टक्के आकसतं, आणि तासाभराच्या उकळीत ३-४ लिटरची वाफ होते. सगळं मिळून उकळी सुरू होताना २७ लिटर लागतात.

३० लिटरच्या केटलमध्ये मग फेसाला जेमतेम ३ लिटर जागा उरते. पहिली उकळी फुटताना फेस झपाट्याने चढतो, त्यामुळे आच कमी करायला तिथेच उभं राहावं लागतं. माझ्या मते ही १५-१६ लिटर बिअरची केटल आहे. कडक बिअर करायची तर आणखी कमी, कारण तिला मॉल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) जास्त लागतं आणि याच केटलमध्ये टोपलीत भिजताना तेही जागा खातं: किलोमागे सुमारे पाऊण लिटर. वर ते किलोला लिटरभर पाणी धरून ठेवतं. म्हणून लिटरच्या आकड्याइतकंच महत्त्व टोपलीत किती किलो मॉल्ट मावतं याला द्या.

५० लिटरमध्ये एक केग निवांत निघतो. पण ५० म्हणजे दोन केग, हा समज चुकीचा आहे. ३८ लिटर बिअरसाठी वरच्याच हिशेबाने सुरुवातीला ४८-४९ लिटर लागतात, म्हणजे फेसाला जागाच नाही. ३०-३२ लिटर बिअरवर थांबलेलं बरं. वीजही बघा: २ किलोवॅटच्या हीटरवर २७ लिटर पाणी २० अंशांवरून उकळायला सव्वा तास लागतो, ४५ लिटरला दोन तासांहून जास्त. उलट, रुंद केटलमध्ये १० लिटरचा छोटा घाणा केला तर वाफ तेवढीच जाते आणि हातात फारच कमी उरतं.

दर वेळी पूर्ण केग भरायचा असेल आणि ३ किलोवॅटची सोय असेल तर ५० घ्या. थोडी थोडी, वेगवेगळ्या प्रकारची बिअर करणाऱ्याला ३० पुरते. फर्मेंटर मात्र २१ लिटर वर्टसाठी किमान २७ लिटरचा हवा, कारण आंबताना तिथेही फेस चढतो.