भुईमुगाची बीजप्रक्रिया: थायरम की ट्रायकोडर्मा?

पेरल्यावर आठ-दहा दिवसांत ओळीत खाडे दिसू लागले आणि कोलमडलेल्या रोपाच्या मानेशी काळी भुकटी असली, तर ती ॲस्परजिलसमुळे होणारी मानकूज. ही बुरशी बियाण्यातूनही येते, जमिनीतूनही. इथे थायरम हे रासायनिक बुरशीनाशक उजवे. किलोला ५ ग्रॅम चोळले की उगवणीच्या नाजूक काळात दाण्याभोवती लगेच संरक्षण मिळते. पण रोप वाढते तसा हा आधार संपतो.

खोडकूज मात्र पुढे, आऱ्या (शेंगा धरायला जमिनीत शिरणारे देठ) धरायच्या सुमारास डोके वर काढते. जमिनीलगत बुरशीची पांढरी जाळी, तिच्यात मोहरीसारखे दाणे. ते दाणे मातीत वर्षानुवर्षे टिकतात, त्यामुळे दरसाल भुईमूग घेणाऱ्या रानात नुसत्या थायरमवर भिस्त ठेवू नये. ट्रायकोडर्मा स्वतः जिवंत बुरशी. ती मुळांभोवती वाढते आणि रोगाच्या बुरशीला खाऊन टाकते. बियाण्याला किलोमागे ५ ग्रॅम लावाच, पण खरा उपयोग कुजलेल्या शेणखतात मिसळून ओलसर रानात टाकल्यावर. कोरड्या मातीत ती तग धरत नाही, आणि उन्हात ठेवलेले जुने पाकीट म्हणजे नुसती पावडर.

माझी पसंती? घरचे, शंका असलेले बियाणे असेल तर थायरम बियाण्याला आणि ट्रायकोडर्मा शेणखतातून. एकाच दाण्यावर दोन्ही चोळू नका, औषध जिवंत बुरशीलाही मारते. रायझोबियम, म्हणजे नत्र देणारे जिवाणू खत, नेहमी शेवटी, सावलीत. आणि चोळताना हात हलका ठेवा. भुईमुगाचे साल पटकन सुटते.