एक्झॉस्ट टेम्परेचर मीटर : स्क्रूला हात लावायच्या आधी घेतलं, म्हणून इंजिन वाचलं

माझा ट्रक जुना आहे. सहा सिलिंडर, टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात हवा दाबून भरणारा), इंटरकूलर (ती हवा गार करणारी जाळी) आणि डिझेल सोडणारा साधा रोटरी पंप. कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. जे काही करायचं ते पान्याने. खडी वाहतो. गेल्या दोनेक वर्षांत चढाला त्याचा दम जायला लागला होता. मागच्या गाड्यांचे हॉर्न ऐकत तिसऱ्या गेअरवर रखडत जायचं, एवढंच उरलं होतं.

यावर जो तो एकच उपाय सांगतो : पंपाच्या पाठीमागचा फुल-लोडचा स्क्रू थोडा आत घे. खोटं नाही ते. डिझेल इंजिनात हवेवर लगाम नसतो, ताकद ठरते ती किती डिझेल सोडलं यावर. स्क्रू आत घेतला की डिझेल वाढतं आणि गाडी पळते. पण हवा तेवढीच राहिली तर ते जादा डिझेल नीट जळत नाही, काळा धूर होतो आणि एक्झॉस्ट तापत जातो. किती तापला हे ना कानाला कळतं ना पायाला. पाण्याचा काटाही सांगत नाही, तो फार उशिरा हलतो. म्हणून आधी एक्झॉस्टचं तापमान दाखवणारं हे मीटर घेतलं, सोबत टर्बोच्या बूस्टचंही (टर्बो हवा किती दाबाने भरतो ते दाखवणारं). दोन्ही वापरून आता वर्ष होत आलं.

मीटर म्हणजे मॅनिफोल्डमध्ये (सगळ्या सिलिंडरांचा एक्झॉस्ट गोळा करून टर्बोकडे नेणाऱ्या लोखंडी पाइपात) बसणारा एक प्रोब (के टाइप थर्मोकपल, म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारा जोडून केलेला तापमापक), त्याची तार आणि डॅशबोर्डवरचा काटा. मी डिजिटल न घेता काट्याचं घेतलं. लोड घेऊन चढताना आकडे वाचायला सवड नसते. काटा कुठल्या बाजूला झुकलाय एवढं डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं की पुरे.

प्रोब टर्बोच्या आधी, मॅनिफोल्डमध्येच बसवा. टर्बोनंतरच्या पाइपात बसवणं सोपं, पण तिथला आकडा कमी येतो, आणि किती कमी हे लोडप्रमाणे बदलतं. शंभर-दीडशे अंशांचा फरक सहज पडतो. मॅनिफोल्डला भोक पाडायचं म्हणजे लोखंडाचा कीस टर्बोच्या पात्यांवर जाण्याची भीती. इंजिन चालू ठेवून पाड, एक्झॉस्टच कीस बाहेर फेकेल, असा सल्ला बरेच जण देतात. माझी हिंमत झाली नाही. टर्बो सरळ उतरवला, ड्रिलला आणि टॅपला ग्रीस चोपडलं आणि नंतर आतून चुंबक फिरवलं. अर्धा दिवस गेला. गेला तर गेला.

आता तारेची गोष्ट. किटमधली तार कॅबिनपर्यंत वीतभर कमी पडली. वायरमनने इंजिनजवळच तोडून मध्ये साधी तांब्याची वायर जोडून दिली, आणि मीही मान डोलावली. उकळत्या पाण्यात प्रोब बुडवून पाहिला तर काटा बरोबर १०० च्या आसपास. समाधान झालं. पुढे पंपवाल्या मिस्त्रींनी बॉनेट उघडलं आणि पहिला प्रश्न केला, "मालक, ही वायर कुठली?"

त्यांनी समजावलं ते असं. थर्मोकपल दोन टोकांच्या तापमानातल्या फरकावर चालतो, आणि कॅबिनमधलं टोक किती गरम आहे ते मीटर स्वतः धरून चालतं. मध्ये तांबं आलं की खरं टोक त्या सांध्यावरच संपतं. सांधा इंजिनच्या उष्णतेत ८० अंशांवर आणि मीटर कॅबिनमध्ये ३० वर, तर काटा ५० अंश कमी दाखवणार. पाण्यात तपासलं तेव्हा इंजिन थंड होतं, सांधाही थंड होता, म्हणून चूक दिसलीच नाही. के टाइपचीच लांब तार आणून टाकली आणि त्याच चढावर, त्याच लोडला काटा ५६५ ऐवजी ६२० वर गेला. ज्या मीटरवर विसंबून मी स्क्रू फिरवणार होतो, ते धोक्याच्या बाजूलाच खोटं बोलत होतं. किट विकणाऱ्यांनी तार तोडू नये हे ठळक लिहायला हवं होतं. माहितीपत्रकात एका ओळीने कुठेतरी खाली आहे. लांबी आधी सुतळीने मोजा आणि मगच मागवा.

मिस्त्रींनी त्या दिवशी स्क्रूला हातच लावला नाही. मला म्हणाले, बसा आत आणि ॲक्सिलरेटर पार खाली दाबा. स्वतः पंपाजवळ उभे राहिले. मी पेडल फ्लोअरला टेकवलं. "दाबा की अजून!" म्हटलं, काका, अजून कुठे दाबू? खाली उतरून बघतो तर पंपाचा लिव्हर स्टॉपरपासून बोटभर लांब. केबल ताणून सैल झालेली, आणि पेडलच्या पिनेला ढिलाई. म्हणजे इतके दिवस मी फुल ॲक्सिलरेटर दिलाच नव्हता! कितीजणांच्या ट्रकला हेच दुखणं असेल, कोण जाणे. तपासायला पैसा लागत नाही, फक्त पेडलवर बसायला दुसरा माणूस लागतो.

पुढचं सगळं त्याच जातीचं निघालं. एअर फिल्टर वरून झटकलेला, आतून भरलेला. इंटरकूलरच्या होजला क्लिपखाली चीर. इंजिन बंद ठेवून कंप्रेसरने एक बार हवा भरली आणि साबणाचं पाणी लावलं तर फेस फुगून आला. इंटरकूलरच्या जाळीत बाहेरून चिखल आणि तेल. ही जाळी लोक धरतच नाहीत. पण टर्बोतून १२० अंशांवर निघालेली हवा ५० वर आणली, तर त्याच दाबाला तिची घनता वीस टक्क्यांहून जास्त वाढते. चिखलाने त्यातली जेवढी गेली, तेवढी फक्त धुऊन परत मिळते. डिझेल फवारणारे नोझल बेंचवर लावले तर सगळ्यांचं प्रेशर उतरलेलं आणि दोन चक्क टपकत होते. ते बदलले, बाकीच्यांचं प्रेशर सेट केलं. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) मॅन्युअलप्रमाणे लावले.

माझं मोजमाप एकच : एक लांब चढ, ठरलेलं लोड, तिसरा गेअर, पेडल पूर्ण खाली, आणि वेग जिथे स्थिर होईल तो लिहायचा. वजन आणि चढ तेच असेल तर एवढ्या कमी वेगाला ताकद जवळपास वेगाच्याच प्रमाणात लागते, म्हणून डायनोशिवायही (ताकद मोजणाऱ्या यंत्राशिवायही) अंदाज येतो. सुरुवातीला ताशी ३२ किलोमीटर होता. या डागडुजीनंतर ३७. बूस्ट पाऊण बारवरून एक बारच्या जरा वर गेलं, आणि गंमत म्हणजे एक्झॉस्ट ६२० वरून ५८० वर उतरला. ताकद वाढली आणि ताप उतरला, कारण हवा वाढली.

तेव्हा कुठे मिस्त्री स्क्रूकडे वळले. चेकनट सैल करून पाव फेरा आत. त्याबरोबर आयडल (पेडल न दाबता इंजिन फिरतं तो वेग) चढतं, ते वेगळ्या स्क्रूने खाली आणावं लागतं. चढावर एक चक्कर. पुन्हा पाव फेरा, पुन्हा चक्कर : ४० चा वेग, ६६५ अंश, गेअर बदलताना धुराची एक पुसट फुंकर. मला चेव आला. म्हटलं, अजून एक पाव. ते काही बोलले नाहीत, फिरवून दिलं. चढाच्या मध्यावर काटा ७०० ओलांडून ७३० ला गेला, आरशात मागचा रस्ता काळा झाला आणि वेग? ४०च. खाली येऊन मुकाट्याने तो पाव फेरा परत काढला.

टर्बोच्या आधी सलग ७०० ही आमच्यासारख्या इंजिनांची मर्यादा धरतात. ॲल्युमिनियम ६६० ला वितळतं आणि पिस्टनचा मिश्रधातू त्याच्याही आधी मऊ पडतो. पिस्टन टिकतो कारण खालून तेल त्याला गार ठेवतं आणि ज्वाला क्षणभरच अंगाला लागते. क्षणभर काटा वर गेला तर ठीक. लांब चढावर मिनिटामागून मिनिट तिथेच राहिला, तर कुठली तरी कड आधी हार मानते. म्हणून ६८० ला मी काचेवर लाल पट्टी चिकटवलीय. काटा तिथे आला की पाय उचलायचा किंवा गेअर खाली.

हिशेब केला तर ३२ वरून ४०, म्हणजे चाकावर साधारण पंचवीस टक्के. त्यातला मोठा वाटा हरवलेलं परत मिळवण्याचा. स्क्रूने दिले ते ३७ वरचे तीन किलोमीटर, म्हणजे आठच टक्के. डिझेलचा खर्च चढाला किंचित वाढलाय, पण एकूण ॲव्हरेज पूर्वीइतकंच आहे.

मीटरबद्दल तक्रारी : रात्रीचा दिवा डोळ्यात खुपतो, कमी करायची सोय नाही, मी त्यावर पातळ टेप लावलाय. स्टँडचा स्क्रू खड्ड्यांनी सुटतो. काटा थोडा आळशी आहे. जाड आवरणाचा प्रोब असल्याने खरा आकडा स्थिरावायला काही सेकंद जातात, म्हणून पेडल दाबल्या दाबल्या दिसतं त्यावर भरवसा ठेवू नका. बूस्टच्या मीटरची नळी एकदा मॅनिफोल्डला टेकून वितळली, तो दोष माझ्या फिटिंगचा. कॉमन रेल (कॉम्प्युटरच्या हुकमाने डिझेल सोडणाऱ्या) इंजिनवाल्यांना यातली स्क्रूची गोष्ट लागू नाही. आणि पंपावर सील असेल किंवा धुराची तपासणी होत असेल तर ते आधी बघा. धूर सोडणारी गाडी कुठेही अडवली जाते.

मीटरला पाचपैकी चार गुण. एक तारेच्या लांबीचा कापला. आता चौथ्या गेअरला जोर देताना क्लच अधूनमधून सरकतो असं वाटतंय. मिस्त्रींना दाखवायचा आहे.