कॅब कंपनीवरच्या 'सामूहिक दाव्या'चे पैसे भरण्याआधी हे वाचा (सोलापूर)

सोलापुरात सध्या एक टोळी फिरते आहे. अॅपवरून कॅब बुक करणाऱ्यांनी कंपनीवर एकत्र दावा लावायचा, म्हणजे 'क्लास अॅक्शन' करायचा, आणि जादा घेतलेले पैसे व्याजासकट परत मिळवायचे, असं ते सांगतात. नाव नोंदवायला माणशी १,५०० रुपये. मी आणि माझ्या जावेनं ते भरले. पैसे गेले आणि दावा कुठंच दाखल झालेला नाही.

आपल्याकडे पुण्याला जाणं नित्याचंच. कुणाचा मुलगा हिंजवडीत, कुणाचं ऑपरेशन तिकडं. हुतात्मा एक्सप्रेसनं उतरलं की सामान आणि म्हातारं माणूस सांभाळत कॅबच बघावी लागते. ड्रायव्हर फोन करून विचारतो, "कुठं जायचंय? ऑनलाइन की कॅश?" ऑनलाइन म्हटलं की गाडी जागची हलत नाही. ताटकळून आपण बुकिंग रद्द केलं की रद्द केल्याचे पैसे पुढच्या बिलात लागतात. सासूबाईंच्या तपासण्यांच्या काळात आम्ही हे वारंवार सोसलं. तक्रार केली की हातात कूपन. राग खरा होता आणि या टोळीतल्या माणसानं नेमका तोच हेरला.

जुळे सोलापुरात एका ओळखीच्यांच्या घरी त्यानं बैठक घेतली. बोलणं मृदू, प्रत्येकाला 'ताई', 'काका'. बातम्यांच्या झेरॉक्स वाटल्या. त्या बातम्या खोट्या नव्हत्या, म्हणूनच हा प्रकार जास्त घातक आहे. अमेरिकेत उबर प्रत्येक फेरीमागं 'सेफ राइड्स फी' घेत होती आणि ड्रायव्हरची पार्श्वभूमी तपासण्याबद्दल मोठे दावे करत होती. त्यावरून प्रवाशांनी दावे लावले आणि २०१६ साली २ कोटी ८५ लाख डॉलरची तडजोड जाहीर झाली, हे खरं. पण ती सुमारे अडीच कोटी प्रवाशांसाठी होती. भागाकार करा, डोक्यामागं एक डॉलरच्या आसपास येतो. शिवाय ते प्रवासी अमेरिकेतले, पुण्यात कॅब घेतलेल्या सोलापूरकराचा त्या पैशाशी काडीचा संबंध नाही. दुसरी बातमी ऑस्ट्रेलियाची होती. फुकट रद्द करता येण्याच्या मुदतीतही "पैसे लागतील" असा इशारा दाखवल्याबद्दल आणि टॅक्सीभाड्याचे चुकीचे अंदाज दिल्याबद्दल तिथल्या न्यायालयानं डिसेंबर २०२२ मध्ये उबरला २ कोटी १० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. हा माणूस म्हणाला, "हे पैसे तिथल्या प्रवाशांमध्ये वाटले." तो दंड होता. दंड सरकारजमा होतो, प्रवाशांच्या खात्यात जात नाही.

एका काकांनी विचारलं, आम्ही आपले आपण तक्रार केली तर? त्यावर उत्तर तयार होतं: "अॅपच्या अटींत लवादाचं कलम आहे, त्यामुळं एकट्याला ग्राहक आयोगात जाताच येत नाही." लवादाचं कलम म्हणजे वाद न्यायालयाऐवजी खाजगी लवादाकडून सोडवायची अट. पण त्याचं म्हणणं साफ खोटं. एमार एमजीएफ या बांधकाम कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१८ सालीच स्पष्ट केलं आहे की करारात लवादाचं कलम असलं तरी ग्राहकाचा आयोगाचा रस्ता बंद होत नाही. असं एखादं कायद्याचं वाक्य कानावर पडलं की माणूस गप्प बसतो, आणि तिथंच यांचं फावतं.

आता ती पावती. गुळगुळीत कागद, वर अशोकस्तंभ, खाली जांभळ्या शाईचा गोल शिक्का. '१,५०० रुपये, कोर्ट फी व नोटीस खर्च.' सोबतच्या वकीलपत्रावर 'जिल्हा ग्राहक मंच' आणि 'ग्राहक संरक्षण कायदा १९८६, कलम १२'. महिने गेले, फोन लागेना, तेव्हा तो कागद घेऊन मी थेट जिल्हा ग्राहक आयोगाच्या कार्यालयात गेले. तिथल्या बाईंनी पहिलीच ओळ वाचली आणि म्हणाल्या, "ताई, हा कायदा जुना झाला की ओ. २० जुलै २०२० पासून २०१९ चा कायदा लागू आहे. मंच नाही, आता आयोग म्हणतात." मग फीचा तक्ता दाखवला. सेवेसाठी आपण मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. ५० लाखांपर्यंत गेली तरी १,००० रुपये, तेही अख्ख्या तक्रारीचे, माणशी नव्हे. म्हणजे माणशी १,५०० रुपये 'कोर्ट फी' ही गोष्ट अस्तित्वातच असू शकत नाही.

सामूहिक तक्रारीची सोय आपल्या कायद्यात आहे, त्याबद्दल गैरसमज नको. ती कलम ३५(१)(सी) मध्ये आहे. सारखंच गाऱ्हाणं असलेल्या अनेक ग्राहकांच्या वतीनं एक किंवा अधिक जण तक्रार करू शकतात, पण त्यासाठी आयोगाची परवानगी लागते आणि बाकीच्यांना नोटीस किंवा जाहीर सूचना द्यावी लागते. तेव्हा कुणी असा दावा लावल्याचं सांगितलं तर दोनच गोष्टी मागा: तक्रारीचा क्रमांक आणि परवानगीचा आदेश. क्रमांक ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर स्वतः तपासा. आमच्या माणसाकडं 'फाइल नंबर' होता, तो पोर्टलवर कुठंच नाही.

पुढचा टप्पा याहून वाईट. "तुमचा क्लेम मंजूर झाला" असा मेसेज येतो, सोबत क्यूआर कोड. "स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील." यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकला की आपलेच जातात. विडी वळून घर चालवणाऱ्या एका बाईंची भिशीची रक्कम अशी गेली. त्यांच्या घरात ते कळल्यावर काय झालं असेल, याचा विचार आला की माझं रक्त उसळतं.

खरी दाद मागायला एजंट लागत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ओलाला आदेश दिला की परतावा कूपनमध्ये घ्यायचा की बँक खात्यात, हे ग्राहकाला निवडू द्या. ऑगस्ट २०२५ मध्ये 'पाच मिनिटांत रिक्षा, नाहीतर ५० रुपये' या जाहिरातीवरून रॅपिडोला १० लाखांचा दंड झाला आणि ज्यांना ते ५० रुपये मिळाले नाहीत त्यांना देण्याचाही आदेश झाला. दोन्हींत ग्राहकानं कुणाला नोंदणी फी भरायची नव्हती. आपली तक्रार आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवा. तिथं नाही सुटली तर प्रकार घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगात जाता येतं. आपण सोलापुरात राहतो, तर कॅब पुण्यात घेतलेली असली तरी तक्रार सोलापुरात करता येते, आणि वकील नसला तरी चालतो. मी माझी तशीच दाखल केली आहे.

पोलिसांतही तक्रार दिली आहे. अशोक चौक, विजापूर रोड, अक्कलकोट रोडच्या वस्त्यांतही लोकांनी पैसे भरल्याचं कानावर येतंय, पण लाजेपोटी कुणी पुढं येत नाही. तुमच्याकडं तो जांभळ्या शिक्क्याचा कागद असेल तर फाडू नका. पिन टाकून पैसे गेले असतील तर आधी लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. मग मूळ पावती, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट आणि ज्या नंबरवरून मेसेज आले ते चॅट घेऊन पोलिस ठाण्यात या. पावत्या जितक्या जास्त जमतील, तितका गुन्हा भक्कम उभा राहील.