महाधमनीच्या ऑपरेशननंतर घरचं बीपी मशीन: आधी कफ (दंडाला गुंडाळायचा पट्टा) बघा

तान्हेपणी कोआर्क्टेशनचं, म्हणजे महाधमनीच्या (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या) अरुंद भागाचं, ऑपरेशन उत्तम झालं तरी पुढे बीपी वाढू शकतं. म्हणून दंडावरचं डिजिटल मशीन घरी असणं चांगलंच. मनगटाचं अजिबात नको. सोबत येणारा कफ बहुधा २२ ते ३२ सेंमी दंडाचा, मोठ्यांचा. मुलाच्या बारीक दंडावर तो आकडा कमी दाखवतो आणि वाढलेलं बीपी लपून राहतं, ही मोठी उणीव. त्याच मशीनला चालणारा छोटा कफ वेगळा घ्या, इथे पैसे वाचवू नका. पाच मिनिटं शांत बसवून उजव्याच दंडावर मोजा. काही ऑपरेशनांत डाव्या हाताची धमनी वापरलेली असते, तिथला आकडा फसवतो. पायाच्या बीपीचा वरचा आकडा हाताच्या आकड्यापेक्षा २० ने कमी असेल तर महाधमनीचा तो भाग पुन्हा अरुंद झाल्याची शंका घ्यावी, पण ती तुलना हृदयतज्ज्ञांकडेच. मशीन असलं तरी एको (हृदयाची सोनोग्राफी) चुकवू नका.