‘नाना’ शेऱ्याविरुद्धचे अपील आणि देवळाली कॅम्पातील एक लहानसे कार्यालय

माझे थोरले बंधू फौजेतून हवालदार म्हणून जुलै २०१९ मध्ये २४ वर्षांची सेवा पूर्ण करून निवृत्त झाले. मणक्याच्या सरकलेल्या चकतीमुळे ते त्या वेळी लो मेडिकल कॅटेगरीत, म्हणजे खालच्या वैद्यकीय श्रेणीत होते. निवृत्तीच्या वेळी तपासणी करणाऱ्या रिलीज मेडिकल बोर्डाने त्यांचे अपंगत्व ३० टक्के आणि आजीवन असे नोंदवले, परंतु त्याच फॉर्मवर ‘एनएएनए’ असा शेरा मारला. हे अपंगत्व सेवेमुळे उद्भवलेले नाही आणि सेवेमुळे वाढलेलेही नाही, असा त्याचा अर्थ. फौजेतील लोक या चार अक्षरांना सरळ ‘नाना’ म्हणतात. आमच्या घरी नाना म्हणजे आजोबा, त्यामुळे दादाने पहिल्यांदा ‘नानाने पेन्शन अडवली’ असे फोनवर सांगितले तेव्हा आईला काही क्षण भलतीच शंका आली होती.

सर्व्हिस पेन्शन सुरू झाली, पण अपंगत्वाचा हिस्सा नाकारल्याचे पत्र नोव्हेंबर २०१९ मध्ये आले. त्या पत्राविरुद्ध अपील करण्यासाठी ज्या कार्यालयाची मदत घेतली, त्याचा अनुभव येथे मांडत आहे. कार्यालयाचे नाव देत नाही, कारण पुढे त्यांच्या एका चुकीविषयीही लिहावे लागणार आहे. लॅम रोडपासून आत एका बंगल्याच्या पडवीत ते चालते. फौजेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले एक सुभेदार साहेब रोज बसतात आणि लष्करी न्यायाधिकरणात काम करणाऱ्या एक वकील बाई दर शनिवारी येतात.

तेथे पोहोचण्याआधी जवळजवळ दीड वर्ष आम्ही एका एजंटाच्या मागे घालवले. ‘मिळणाऱ्या थकबाकीतून २५ टक्के मला,’ एवढाच त्याचा करार होता. त्याने आमच्याकडून सह्या घेतल्या, पण कागद काही हलवला नाही. निकालावर अवलंबून असलेली फी ठरवण्यास किंवा मिळालेल्या रकमेत वाटा घेण्यास बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलांना मनाई आहे, हे आम्हाला वकील बाईंकडूनच कळले. त्यांच्या कार्यालयात कागद वाचून सल्ला देण्याचे ५०० रुपये आणि अपिलाच्या मसुद्याचे ४,००० रुपये घेतात, न्यायाधिकरणाचे काम वेगळ्या ठरावीक रकमेत करतात आणि प्रत्येक वेळी पावती देतात.

त्या ५०० रुपयांत जे मिळाले, ते माझ्या मते या सेवेतील सर्वांत मोलाचे आहे. ऑगस्ट २०२१ मधल्या पहिल्याच भेटीत सुभेदार साहेबांनी दादाजवळचे नकाराचे पत्र बाजूला ठेवले आणि मेडिकल बोर्डाच्या कार्यवाहीची पूर्ण प्रत मागितली. आमच्याजवळ ती नव्हती. त्यांनी तिथल्या तिथे माहिती अधिकाराचा अर्ज लिहून घेतला, १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लावायला सांगितली आणि प्रत हातात आल्याशिवाय परत येऊ नका, असे बजावले. प्रत ऑक्टोबरमध्ये आली. साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला, स्टीलची पट्टी कागदावर ठेवली आणि लाल पेन्सिलीने एकाच रकान्याखाली रेघ ओढली. कारणाच्या त्या रकान्यात ‘ऑनसेट इन पीस एरिया’, म्हणजे आजार शांतता क्षेत्रात सुरू झाला, एवढेच लिहिलेले होते.

‘‘हवालदार साहेब, ही ओळ सोडून बोर्डाने दुसरे कारण कुठे दिले आहे का?’’

‘‘नाही, साहेब.’’

‘‘मग आपले अपील या ओळीवर. बाकी सगळे मीठमसाला.’’

नंतर त्यांनी जे समजावले ते कोणत्याही माजी सैनिकाला उपयोगी पडेल म्हणून थोडे सविस्तर लिहितो. धरमवीर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये असे ठरवले आहे की, भरतीच्या वेळी ज्या आजाराची नोंद नव्हती तो सेवेच्या काळात उद्भवला तर तो सेवेमुळेच झाला असे सामान्यतः गृहीत धरावे, तो सेवेमुळे झाला हे सिद्ध करण्याचा भार सैनिकावर नसतो आणि भरतीच्या वेळी तो आजार लक्षात येण्यासारखा नव्हता असे बोर्डाचे म्हणणे असेल तर बोर्डाने त्याची कारणे लिहिली पाहिजेत. दादाची भरती पूर्ण तंदुरुस्त श्रेणीत झाली होती. निदान शांतता क्षेत्रात झाले हे खरे, पण त्याआधीची दोन वर्षे तो लडाखमध्ये उंचावरच्या ठाण्यांवर ओझी वाहत होता, आणि पाठदुखीसाठी तेथल्या एमआय रूममध्ये, म्हणजे फौजी दवाखान्यात, गेल्याच्या दोन नोंदी त्याच्या कागदांत होत्या. आम्ही त्या नोंदी अनेकदा पाहिल्या होत्या, मात्र त्यांचे महत्त्व आमच्या लक्षात आले नव्हते. साहेबांना त्या पाच मिनिटांत सापडल्या.

एका मुद्द्यावर मात्र दादा आणि साहेब यांचे चांगलेच वाजले. निवृत्तीनंतर दादाला अंबड एमआयडीसीत वॉचमनची नोकरी लागली होती, परंतु बारा तास उभे राहणे न जमल्याने ती चार महिन्यांत सुटली. दुसऱ्या नोकरीचेही तेच झाले. ‘माझ्या हातून कामच होत नाही, हे सगळ्यात वर लिहा,’ असा त्याचा आग्रह होता, तर साहेबांनी तो परिच्छेद चक्क खोडला. असा मुद्दा अमेरिकेत चालतो: तेथे सेवेशी निगडित एकच अपंगत्व ६० टक्के असेल, किंवा अनेक मिळून ७० टक्के असून त्यांपैकी एक किमान ४० टक्के असेल, आणि त्यांच्यामुळे पोटापाण्याची नियमित नोकरी टिकवता येत नसेल, तर माजी सैनिकाला १०० टक्क्यांच्या दराने भरपाई मागता येते. आपल्याकडे हिशेब बोर्डाने ठरवलेल्या टक्क्यांवर आणि सेवेशी असलेल्या संबंधावर चालतो, नोकरी गेल्याचे दुःख त्या रकान्यांत कोठे बसत नाही. नियम तसा नसावा असे मला आजही वाटते, पण मसुद्यापुरते साहेबांचे बरोबर होते.

आता तक्रारीकडे वळतो. नकाराविरुद्धचे पहिले अपील सहा महिन्यांत करायचे असते. आमचे आधीच उशिराचे असल्याने विलंब माफीचा अर्ज सोबत जोडला आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये अपील पाठवले. फेब्रुवारीत ते जसेच्या तसे परत आले, कारण टायपिंगमध्ये दादाच्या आर्मी नंबरातील एक आकडा चुकला होता. सही करताना आम्हीही तो तपासला नाही हे मान्य, तरी मसुद्याचे पैसे ज्यांनी घेतले त्यांनी निदान नंबर तरी ताडून पाहायला हवा होता. साहेबांनी दिलगिरी व्यक्त केली आणि नवे टपाल स्वतःच्या खर्चाने पाठवले, पण तीन महिने गेले ते गेलेच.

या तीन महिन्यांची किंमत नंतर कळली. पहिले अपील डिसेंबर २०२२ मध्ये फेटाळले गेले, जानेवारीत दुसरे केले, त्यावर सहा महिन्यांत निर्णय न आल्याने सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबईच्या न्यायाधिकरणात अर्ज दाखल झाला. पेन्शनच्या अशा उशिराच्या प्रकरणांत थकबाकी तेव्हा सामान्यतः अर्ज दाखल झाल्याच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळत असे. म्हणजे निवृत्तीपासूनचे सुमारे १३ महिने आमच्या हातून सुटले. त्यांतला मोठा वाटा एजंटाचा आणि आमच्या गाफीलपणाचा असला, तरी हा तीन वर्षांचा नियम कार्यालयाने पहिल्या दिवशी सांगायला हवा होता. तो आम्हाला निकालपत्र वाचताना समजला.

वकील बाईंच्या कामाबद्दल मात्र बोट ठेवायला जागा नाही. सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने दोनदा मुंबईला जावे लागले, पण दोन्ही वेळा आदल्या संध्याकाळी त्यांचा फोन आला आणि उद्या काय होईल हे त्यांनी दादाला साध्या मराठीत सांगितले. नोव्हेंबर २०२४ मध्ये आदेश झाला. ३० टक्के अपंगत्व पूर्णांकनाच्या, म्हणजे टक्केवारी वरच्या ठरावीक टप्प्यावर नेण्याच्या, नियमाने ५० टक्के धरले गेले. पूर्ण अपंगत्वाला शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के हा दर असल्याने ५० टक्क्यांना १५ टक्के मिळतात. सुधारित पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, पुढच्या एप्रिलमध्ये ‘स्पर्श’ या फौजी पेन्शनच्या संकेतस्थळावर दिसला. पूर्णांकनाचा लाभ सेवा पूर्ण करून बाहेर पडलेल्यांनाही आहे, हे राम अवतार प्रकरणातील २०१४ च्या निकालाने पक्के झाले आहे. मात्र २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम लागू झाले असल्यामुळे त्यानंतर निवृत्त झालेल्यांनी आमच्या आकड्यांवरून आपला हिशेब मांडू नये.

ज्यांना केवळ अर्ज भरणे किंवा प्राथमिक मार्गदर्शन हवे आहे, त्यांनी आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे, पैसे खर्च करण्याची गरज नाही. मेडिकल बोर्डाचा शेरा आडवा आला असेल तर या पडवीत जाण्यासारखे आहे. वेळ सकाळी १० ते १. टोकन वगैरे नाही, बाकावर बसून राहावे लागते आणि शनिवारी गर्दी असते. डिस्चार्ज बुक, म्हणजे निवृत्तीच्या वेळी मिळणारे सेवेच्या नोंदींचे पुस्तक, मात्र तेथे ठेवून येऊ नका. त्यांचे काम झेरॉक्सवर भागते, आणि आमचे मूळ पुस्तक त्यांच्या कपाटात नायक हुद्द्याच्या दुसऱ्याच एका माजी सैनिकाच्या फायलीत अकरा दिवस पडून होते.