पाइप, खोका की वाफा: कोकणातल्या परसात मातीविना पालेभाजी करायचीय त्यांच्यासाठी

हायड्रोपोनिक्सचे, म्हणजे मातीऐवजी खताच्या पाण्यावर रोपं वाढवायचे, व्हिडिओ बघून पीव्हीसी पाइप आणायला निघालेल्या माणसाला मी आधी एकच विचारतो, मे महिन्यात दुपारी तीन वाजता तुमच्या मागच्या दारी बादलीत ठेवलेलं पाणी हाताला कसं लागतं? कोमट लागत असेल (लागणारच, आपण रत्नागिरी-सिंधुदुर्गात राहतो, महाबळेश्वरात नाही) तर कुठली सिस्टीम करायची याचं अर्धं उत्तर तिथेच मिळालं.

कारण सगळा खेळ मुळांना मिळणाऱ्या ऑक्सिजनचा आहे. २० अंशाच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, ३० अंशाला तो साडेसातवर येतो, आणि गंमत अशी की गरम पाण्यात मुळांची भूक मात्र वाढलेली असते. मग मुळं तपकिरी, बुळबुळीत होतात, वास यायला लागतो, ही पिथियम नावाच्या जंतूमुळे होणारी मूळकुज, आणि एकदा लागली की त्याच पाण्यावरची शेजारची रोपंही गेली म्हणून समजा. लेट्यूसला पाणी १८ ते २२ अंशाचं आवडतं. आपल्याकडे ते मिळतं थंडीत, आणि तेही सकाळी.

आता पाइप. व्हिडिओत दिसते ती एनएफटी पद्धत, म्हणजे उतारावर ठेवलेल्या पाइपात खताच्या पाण्याचा पातळ पापुद्रा सतत वाहता ठेवायचा, खाली टाकी, टाकीत पंप. ही पद्धत १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये अ‍ॅलन कूपरने काचघरासाठी काढली, हे लक्षात ठेवा, म्हणजे थंड देशातली गोष्ट. आपल्याकडे उन्हात तापलेल्या पाइपातून तेच पाणी दिवसभर फिरतं आणि प्रत्येक फेरीत थोडं थोडं गरम होऊन टाकीत परत येतं. वर लाइटचा प्रश्न. पावसाळ्यात झाड पडलं, तार तुटली की गावात लाइट कधी येईल हे कोणी सांगू शकत नाही, आणि पाण्याचा पापुद्रा थांबला की गरमीच्या दिवसात रोपं काही तासांतच माना टाकतात. यावर एक जुगाड चांगला आहे, पाइपाच्या शेवटी पाणी बाहेर जायचं भोक तळाला न ठेवता थोडं वर ठेवायचं, म्हणजे पंप बंद पडला तरी पाइपात इंचभर पाणी उरतं. मग उतारही फार लागत नाही. खरी एनएफटी करायची तर १० फुटी पाइपाला सव्वा ते अडीच इंच उतार ठेवतात.

पाइपाची बाजू पण ऐकून घ्या, मी काही त्याच्यावर खार खाऊन नाही. चार इंची १० फुटी पाइपावर आठ-आठ इंचांवर भोकं पाडली तर १५ रोपं बसतात, असे पाच पाइप शिडीसारखे लावले की छोट्याशा जागेत पंच्याहत्तर रोपं होतात, तेवढी खोक्यात लावायला अर्धं खळं लागेल. जवळपास रिसॉर्ट, होमस्टे असतील आणि त्यांना ठराविक वाराला ठराविक लेट्यूस द्यायचं असेल तर पाइपच बरे, कापणी-धुणी पटापट होते. १८ वॉटचा पंप चोवीस तास चालला तर महिन्याला १३ युनिट जातात, बिलाचा प्रश्न नाही, प्रश्न इन्व्हर्टरचा आहे.

खोक्याची पद्धत मला आपल्याकडे जास्त पटते. तिचं नाव क्रॅटकी, अमेरिकेतल्या हवाई बेटांवरच्या विद्यापीठाच्या बर्नार्ड क्रॅटकी यांनी ती रूढ केली. समुद्र, दमट हवा, उष्णता हे तिथेही आहेच की. पंप नाही, लाइट नाही. खोक्यात खताचं पाणी भरायचं, झाकणाला भोकं पाडून कप बसवायचे, कपाचा तळ जेमतेम पाण्याला टेकला पाहिजे. रोप पाणी पीत जातं तशी पातळी उतरते आणि मधल्या रिकाम्या जागेत जी मुळं लोंबतात त्यांच्यावर बारीक पांढरी लव येते, ती हवेतून ऑक्सिजन घेते. म्हणून पाणी कमी झालं म्हणून परत काठोकाठ भरायचं नाही, ती हवेवरची मुळं बुडाली की रोप गुदमरतं. अगदीच खाली गेलं तर थोडंसं घाला. लेट्यूसच्या एका रोपाला काढणीपर्यंत चार-पाच लिटर पाणी हिशोबात धरा.

खोका कुठला घ्यायचा, तर मासळीबाजारात बर्फासोबत येणारे थर्माकोलचे. किनाऱ्यावर राहण्याचा हा फायदा पुण्यावाल्यांना नाही. थर्माकोलमुळे पाणी प्लॅस्टिकच्या बादलीपेक्षा बऱ्यापैकी थंड राहतं. आधी खसाखसा धुवा, मीठ आणि वास दोन्ही गेले पाहिजेत, मग आतून काळं जाड प्लॅस्टिक अंथरा. प्लॅस्टिक नसेल तर खोका झिरपतो आणि उजेड आत गेला की शेवाळ धरतं. वरचा टप्पा हवा असेल तर मत्स्यालयाचा ५ वॉटचा एअर पंप आणा आणि त्याच्या नळीला लावायचा, बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड आत सोडा, महिन्याला साडेतीन युनिट. लाइट गेली तरी खोक्यात पाणी भरपूर असतं त्यामुळे घाबरायचं कारण नाही, आणि एअर पंप लावला तर पातळीचं गणितही तेवढं कडक राहत नाही.

खोक्याचे तोटे दोन आणि दोन्ही पावसाळ्यातले. झाकणातून पाऊस आत गेला की खत पातळ होतं आणि पातळी वर येते, म्हणजे वर सांगितलं तेच गुदमरणं. त्यामुळे पडवीच्या कडेला, पण पागोळ्यांपासून आत. दुसरं म्हणजे डास. साचलेलं पाणी आहे, कपाभोवती फट राहिली तर तुम्ही भाजीबरोबर डेंग्यू पण पिकवाल, फटी स्पंजने नाहीतर कापडाने बुजवाच. उंदीर थर्माकोल कुरतडतात ते वेगळंच.

पाण्याबद्दल एक. जांभ्या दगडातल्या विहिरीचं पाणी साधारणपणे हलकं, म्हणजे कमी क्षारांचं असतं, आरओ वगैरेचा खर्च वाचतो. पण हलक्या पाण्यात कॅल्शियम कमी आणि पीएच धरून ठेवायची ताकद पण कमी, त्यामुळे पीएच आज ६ तर चार दिवसांनी भलताच. ५.५ ते ६.५ मध्ये ठेवायचा, छोटा मीटर घ्याच. समुद्राला लागून घर असेल तर एप्रिल-मेमध्ये विहीर मचूळ होते का ते बघा, होत असेल तर त्या महिन्यांत हा नाद नको. खतात नुसतं १९:१९:१९ टाकून भागत नाही, त्यात कॅल्शियम नसतं आणि नत्राचा मोठा भाग युरियाचा असतो जो पाण्यात लगेच कामाला येत नाही. ए आणि बी अशा दोन बाटल्यांत मिळतं ते घ्या आणि दोन्ही घट्ट असताना एकत्र ओतू नका, कॅल्शियम बाकीच्यांशी मिळून तळाला पांढरा साका होऊन बसतो. ईसी म्हणजे पाण्यात खत किती विरघळलंय त्याचं माप, लेट्यूसला तो १ च्या आसपास, पालकाला दोनपर्यंत चालतो.

रोप धरून ठेवायला नारळाचं सोडण मात्र फुकट मिळतं म्हणून सरळ कपात कोंबू नका. खाडीच्या पाण्यात कुजवलेल्या काथ्यात मीठ असतं, गोड्या पाण्याने धुवून लाल पाणी यायचं थांबेपर्यंत वापरू नये.

आणि वाफा? शेजारच्या काकींनी खोके बघून विचारलंच, "माती नाय, शेण नाय, मगे भाजी कशी होतली?" होते, पण सगळी नाही. मेथी, कोथिंबीर, लाल माठ या दाट पेरून उपटायच्या भाज्या, त्यांना एकेक कप देत बसणं म्हणजे निव्वळ हौस. त्या वाफ्यातच करा, शेणखत आणि चुलीची राख घालून, भात कापल्यावर. लाल माठ सावलीत केला तर लाली पण येत नाही नीट. समुद्रमेथी तर किनाऱ्यावरचे लोक नुसत्या वाळूत करत आलेत, त्याला कोणी हायड्रोपोनिक्स म्हटलं नाही. वाफ्याचा वैरी पावसाळा, मुसळधार पावसात बी वाहून जातं, उरलेलं गोगलगायी खातात. जून ते सप्टेंबर खोका तिथे सरस, फक्त ढगाळ उजेडात रोपं लांबुडकी होतात.

काय लावायचं यावर पण सिस्टीम ठरते. लेट्यूस नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी, त्यानंतर ते उंच जाऊन फुलावर येतं आणि कडू होतं, शिवाय ३० अंशाच्या वर बी उगवायलाच कुरकुर करतं. पालकाचंही साधारण तसंच. उन्हाळ्यात खोका रिकामा ठेवायचा नसेल तर नाळीची भाजी लावा, ती मुळात पाण्यातलीच, गरम पाण्याची तिला फिकीर नाही, खुडाल तशी फुटते. मायाळू पण चालते, वेल चढवायला दोरी द्या.

तर घरच्या चार माणसांसाठी असेल तर दिवाळीनंतर दोन खोके, बाजूला मेथी-माठाचा एक वाफा, आणि पाइपाचे पैसे तूर्त खिशात. गिऱ्हाईक आधी बांधलेलं असेल, घरात इन्व्हर्टर असेल आणि टाकी जमिनीत अर्धी पुरून सावलीत ठेवता येत असेल, तर पाइप, ५० टक्के ऊन अडवणाऱ्या शेडनेटखाली. आणि वानर येत असतील तर यातलं काहीही घेण्याआधी वरून-बाजूने जाळीचा खर्च धरा, पाइपावर एक मोठा हुप्प्या बसला की जोड निखळतात आणि टाकीतलं पाणी सगळं अंगणात.